चाळीस घोडे

“बस आत, मल्लू,” असं म्हणून बसूकाकांनी शेवटच्या वातीला विडी टेकवली.

वात फुरफुरली. पाठीमागच्या वाती आधीच धूर सोडत होत्या. विहिरीच्या तळाला आम्ही दोघंच होतो, आणि डोक्यावर आभाळाचा एक गोल, परातीएवढा. जत तालुक्यातल्या त्या माळावर साठ फूट खाली आलो तरी नुसता काळा पाषाण लागत होता. तो फोडायला सुरुंगाशिवाय दुसरा इलाज नव्हता.

मी बकेटमध्ये उडी मारली. काकांनी वातीच्या बाजूनं शेवटची नजर फिरवली, मग माझा हात धरून तेही चढले. बकेटमध्ये आमच्या आधी पाण्याचा पंप बसला होता. खालच्या कपारीतनं झरा लागला होता आणि पाणी सुरुंगाच्या भोकांत शिरू नये म्हणून पंप अगदी शेवटपर्यंत चालू ठेवावा लागला होता. एरवी पंपाची एक खेप वेगळी व्हायची. त्या दिवशी तेवढा वेळ नव्हता. पंप, त्याचा ओला पाइप, पहारी, सुतक्या म्हणजे दगड फोडायचे हातोडे, आणि आम्ही दोघं, असं सगळं एकाच खेपेला. जुन्या इंजिनानं याहून जड माल वर नेला होता, त्यामुळं काकांना त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि मला तर मुळीच नाही.

“ओढ गं दुर्गे!” काका वर तोंड करून ओरडले.

वर काठावर यारी उभी होती आणि यारीवर माझी बहीण. आम्ही तिला अक्का म्हणायचो. यारी म्हणजे विहीर खोदणाऱ्यांची क्रेन. एक लोखंडी हात विहिरीवर आलेला, त्यावरून पोलादी दोर, दोराला साखळीनं अडकवलेली बकेट. इंजिन फिरलं की दोर गुंडाळला जातो आणि खालचा दगड वर येतो. माणूसही तसाच येतो. दाजी गेल्यावर अक्का माहेरी आली आणि घमेली उचलता उचलता यारीवर बसायला शिकली. आमच्या वडारांच्या टोळ्यांमध्ये बाया दगड वाहायच्या, फोडायच्या, पण यारीवर बसणारी बाई मी तरी तेव्हा दुसरी पाहिली नव्हती. ती बसली की खालची माणसं निवांत असायची.

बकेट हलली. तळ सुटला. वातींचा धूर आमच्या पायाखाली राहिला.

वात पेटली की वर बघायचं, खाली बघायचं नाही, हा काकांचा नियम होता. मी वर बघत होतो. आभाळाचा गोल हळूहळू मोठा व्हायला लागला. भिंतीवरच्या पहारीच्या खुणा खाली सरकत होत्या. निम्म्याच्या जरा अलीकडे आलो असू, तेवढ्यात वरचा आवाज बदलला.

ते इंजिन नवं होतं. म्हणजे यारीला नवं. आमच्या टोळीच्या ऐवळे मालकांनी मिरजेहून एका मोडीत निघालेल्या मोटारीचं पेट्रोल इंजिन आणून दोनच दिवसांपूर्वी बसवलं होतं. जुनं डिझेल इंजिन फार धूर ओकायचं आणि सावकाश चालायचं. “आठ घोड्यांच्या जागी चाळीस घोडे बांधलेत!” असं मालक सगळ्यांना सांगत होते आणि आम्हालाही ते ऐकून बरं वाटत होतं. दगडाच्या खेपा झपाझप निघत होत्या. फक्त त्या बकेटा मालकांनी अर्ध्याच भरायला लावल्या होत्या. का, ते आम्ही विचारलं नव्हतं.

तर त्या इंजिनाचा आवाज बदलला. आधी तो सुरीसारखा होता, बारीक, धारदार. आता तो जाड झाला. मग खरखरला. दम लागलेल्या माणसासारखा अडखळायला लागला. बकेटचा वेग कमी झाला, आणखी कमी झाला, आणि आम्ही थांबलो.

विहिरीच्या ऐन मध्यावर. वर तीसेक फूट, खाली तीसेक फूट.

“काय झालं?” मी विचारलं.

काका आता खाली बघत होते. त्यांनी आपलाच नियम मोडला होता. मीही खाली बघितलं. धुराच्या आत लाल ठिपके सरकत होते. प्रत्येक ठिपका आपापल्या भोकाकडे चालला होता.

“दुर्गे! ओढ! वाती लागल्यात!” काका ओरडले. त्यांचा आवाज भिंतीवर आपटत वर गेला.

वर इंजिन धडधडत होतं, आचके देत होतं. दोर थरथरत होता आणि तो थरथराट साखळीतनं माझ्या हातात उतरत होता. काठावर माणसं पळताना दिसली. कोणीतरी वाकून बघितलं. मालकांचा आवाज ओळखू आला. “ओढ की! थांबू नको!”

“पंप टाक खाली,” काका म्हणाले.

आम्ही दोघांनी पंपाला खांदा लावला. पंप हलला, पण त्याचं तोंड साखळीच्या कडीत अडकलं. बकेट एका बाजूला कलली आणि माझा एक पाय हवेत आला. मी दोन्ही हातांनी साखळी धरली. काकांनी माझी कंबर धरली. पंप तिथंच राहिला. मी पायानंच दोन सुतक्या आणि एक पहार बाहेर लोटली. त्या पडल्याचा आवाज यायला लागलेला वेळ मला फार मोठा वाटला. मग पाण्यात धप्प झालं, दगडावर खण्ण वाजलं.

आणि तेव्हाच आम्ही खाली जायला लागलो.

आधी एक हिसका बसला. वाटलं, वर निघालो. पण भिंतीवरच्या खुणा वर सरकत होत्या. बकेट खाली निघाली होती. हळू नाही. दगड सुटावा तशी, पेटलेल्या सुरुंगांवर.

“अक्का!” मी ओरडलो. “अक्का! खाली नको! अक्का!”

माझ्या तोंडातनं दुसरा शब्दच निघेना. लहानपणी विंचू चावला होता तेव्हा असाच ओरडलो होतो म्हणे. वरून उत्तर आलं नाही. वरून फक्त लोखंडाचा किंचाळल्यासारखा आवाज येत होता आणि ब्रेकच्या जळक्या पट्ट्याचा वास. दोर तुटला असेल, ब्रेक गेला असेल, अक्का घाबरून पळाली असेल, असं सगळं एकाच वेळी मनात आलं. सगळ्यांत जास्त कशाची भीती वाटली, तर त्या शेवटच्या विचाराची.

मग बकेट थांबली. एवढ्या जोरात थांबली की माझे दात एकमेकांवर आपटले आणि जिभेला रक्त आलं.

तळ आता दीड पुरुषावर, म्हणजे आठ-नऊ फुटांवर होता. धूर डोळ्यांत गेला. वाती दिसत होत्या, नीट, एकेक. दोन तर भोकांच्या तोंडाशी पोचल्या होत्या. फुरफुर कानाशी यावी तशी ऐकू येत होती.

काकांनी एक पाय बकेटच्या काठावरून बाहेर टाकला.

“काका!”

“सोड मला. उतरून वाती उपटतो.”

“दोन आत गेल्यात, काका. त्या कशा उपटणार?”

“जेवढ्या निघतील तेवढ्या काढतो! सोड!”

मी सोडलं नाही. शूरपणा म्हणून नव्हे. त्या बकेटमध्ये एकटं राहायची माझी तयारी नव्हती, एवढंच. मी त्यांच्या धोतराचा सोगा आणि कंबरेचा करदोटा असं जे हाताला लागलं ते मुठीत धरून बसलो. ते मला ढकलत होते. म्हातारा माणूस, पण अंगात बैलाचं बळ. बकेट झोके घेत होती.

आणि वर इंजिन किंचाळलं.

असा आवाज मी त्या इंजिनाचा ऐकला नव्हता. आता फुटतंय, असं वाटलं. तो आवाज चढत गेला, चढत गेला, कानात सुई जावी इतका चढला, आणि मग बकेटला असा झटका बसला की काका माझ्या अंगावर पडले. भिंत खाली धावायला लागली. बकेट भिंतीवर आपटत होती. माझं कोपर सोललं, काकांचं पागोटं कुठंतरी उडालं. मध्यावर आलो, जिथं अडकलो होतो तिथं, आणि मी श्वास धरला. आवाज किंचित उतरला. पण थांबला नाही. आभाळाचा गोल फुटून मोठा झाला, ऊन अंगावर आलं, यारीचा हात बाजूला वळला आणि बकेट मुरमाच्या ढिगावर आदळली.

कोणी मला ओढलं, कोण जाणे. आम्ही ढिगाच्या पलीकडे तोंड खाली करून पडलो. जमीन हलली. एकामागून एक धडाके झाले, दगड आभाळात गेले आणि गारांसारखे माळावर पडले. नंतर बराच वेळ कोणीच उठलं नाही.

उठलो तेव्हा पाहिलं, अक्का यारीच्या बैठकीवर तशीच बसली होती. स्फोटाच्या वेळीही ती तिथंच होती. तिच्या शेजारी ऐवळे मालक उभे होते, ब्रेकच्या दांड्यावर हात ठेवून.

माणसांनी मालकांना उचलायचंच बाकी ठेवलं. त्यांनीच दांडा ताब्यात घेतला, म्हणून दोघं वाचले, असं ज्यानं त्यानं धरून टाकलं. मालकांनी सदऱ्याची बाही मनगटावर ओढून घेतली. मीही तसंच समजलो. अक्का माझ्याकडे आली नाही. लुगड्याच्या पदरात एक हात गुंडाळून ती खोपीकडे चालत गेली, आणि मी तिला हाक मारली नाही. तिनं मला खाली सोडलं होतं. डोळ्यांपुढं तेवढंच होतं.

दिवस कलला तेव्हा मालक आमच्या खोपीपाशी आले. बरोबर इब्राहिम मिस्त्री होते. इंजिन त्यांनीच बसवलं होतं, आणि बातमी कळताच जतहून सायकल मारत आले होते. बसूकाका बाजेवर पडून होते. मी चुलीपाशी बसलो होतो. अक्का आत होती.

मालक खाली जमिनीवरच बसले. त्यांनी सदऱ्याची बाही वर केली. मनगटाच्या वर दातांचे वण होते, अर्धगोल, काळेनिळे.

“हे दुर्गीचे दात,” ते म्हणाले.

काका उठून बसले.

“मी क्लचचा दांडा धरायला गेलो. इंजिन मरायला लागलं, आन् हिनं क्लच सोडवला. इंजिन मोकळं केलं. बकेट खाली निघाली. मी म्हटलं, बाई येडी झाली. दांडा हिसकायला हात घातला. हिचे दोन्ही हात गुंतलेले, तर ही मला चावली.” मालकांनी बाही खाली केली. “चावली नसती, तर मी दांडा परत लावून ओझं इंजिनावर टाकलं असतं. इंजिन बंद पडलं असतं. आन् ते परत चालू व्हायला...”

“मग तुमीच वडलं न्हवं का?” काकांनी विचारलं.

“मी कुठलं? ब्रेकचा पट्टा घसरत व्हता, म्हणून शेवटी ब्रेकवर माझं वजन टाकलं, ते बी तिनं डोळ्यानं दावलं म्हणून. लोक काय बी बोलतात. मी सकाळी सगळ्यांना सांगणार हाय.”

मला काही कळेना. “पण मिस्त्री, चाळीस घोडे हायत म्हणं त्याला. आठ घोड्यांचं वडत व्हतं, मग चाळीसांचं का मेलं?”

इब्राहिम मिस्त्रींच्या तोंडावर रंग नव्हता. त्यांनी खिशातला पाना काढला.

“घट्ट नट असला की आपण लांब पाना घेतो. का? पीळ जास्त बसतो. इंजिनाचा बी तसाच पीळ असतो, त्याला टॉर्क म्हणतात. ओझं उचलतो तो पीळ. आन् तोच पीळ मिनिटाला किती फेरे फिरला, त्याचा गुणाकार केला की घोडे निघतात. जुन्याचा पीळ दांडगा, फेरे कमी. म्हणून घोडे आठच. याचा पीळ बेताचा, पण फेरे मायंदाळ. म्हणून चाळीस.” त्यांनी पाना हातात फिरवला. “ओझं पडलं आन् फेरेच बसले, तर गुणायला राहिलं काय? चाळीसातले पाच घोडे बी जाग्यावर नसतात. जुनं इंजिन ओझ्याखाली वाकायचं, पण हटायचं न्हाई. हे वाकलं की मेलं. याला मधी मोठं दातेरी चाक घातलं असतं, तर फेरे देऊन पीळ घेता आला असता. सावकाश वडलं असतं, पण वडलं असतं. ते चाक मिरजेहून यायचं व्हतं. आम्ही दम धरला न्हाई.”

“मीच धरला न्हाई,” मालक म्हणाले.

“दुर्गाबाईंनी काल मला इचारलं व्हतं,” मिस्त्री म्हणाले, “हे मरायला लागलं तर काय करू म्हणून. मी म्हटलं, ओझं सोडा, त्याला मोकळं पळू द्या, पार किंचाळू द्या, मग धरा. मला काय ठावं, ओझं म्हणजे माणसं असतील.”

मी उठून आत गेलो.

खोपीत अंधारलं होतं. अक्का भिंतीला टेकून बसली होती. पुढं भाकरी आणि कालवण, दोन्हीला हात लावलेला नव्हता. तिनं पदर सोडला आणि उजवा हात मांडीवर उताणा ठेवला. नव्या इंजिनाला पेट्रोल वाढवायची नुसतीच तार होती, मूठ नव्हती. ती तिनं तळहाताला वेढे घालून ओढली होती. तार मांसात उतरली होती. हळद भरली होती, तरी रक्त झिरपत होतं.

“दुखतंय?” मी विचारलं.

“न्हाई.”

मी भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि तिच्या तोंडाशी धरला. तिनं तोंड उघडलं नाही.

“मी तुला खाली सोडलं, मल्लू,” ती म्हणाली. “हात सुटला न्हाई माझा. मी सोडलं. तू अक्का, अक्का वरडत व्हतास ते ऐकत सोडलं.”

“मिस्त्रीनं सांगितलं.”

“त्यानं इंजिनाचं सांगितलं असंल. त्या टायमाला मला वाटलं, आता ह्यो गेला आन् मीच घातला. तरी तार वडत व्हते.” तिचा आवाज कोरडा होता. “लई भ्याले रे.”

तिनं मग घास घेतला. सगळी भाकरी मी तिला अशीच भरवली.

ऐवळे मालकांनी शब्द पाळला. सकाळी टोळी जमवून त्यांनी मनगट सगळ्यांना दाखवलं. जुनं इंजिन परत बसलं. बसूकाका दुसरं पागोटं बांधून पहिल्या खेपेला खाली उतरले, जसं काही झालंच नव्हतं. मग माझी पाळी आली.

बकेट काठाशी लागली. मी काठ धरला, पाय उचलला, आणि पाय गेला नाही. मी परत उचलला. सगळे बघत होते. विहिरीतनं दगडाचा आणि सुरुंगाच्या जळक्या दारूचा वास येत होता, आणि त्या वासानंच माझ्या कानात फुरफुर सुरू झाली.

अक्का यारीवरनं उतरली. मला वाटलं, समजूत घालेल, नाहीतर रागावेल. तिनं फडक्यानं बांधलेला हात माझ्या खांद्यावर ठेवला.

“तू इंजिनावर बस,” ती म्हणाली. “मी उतरते.”

“मला जमत न्हाई, अक्का.”

“बघितलंस न्हवं इतकी वर्षं? बस. मिस्त्री हायत बाजूला.”

आणि ती बकेटमध्ये चढली. लुगड्याचा काचा मारला, डाव्या हातानं साखळी धरली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मी बैठकीवर बसलो. दांडा हातात घेतला. तो गार होता. पायाखाली जुनं इंजिन धप्, धप्, धप् करत होतं.

मी ब्रेक सैल केला. अक्काचं डोकं काठाखाली गेलं.

मी आयुष्यात दोनदा जिवाच्या भीतीनं गारठलो, असं लोकांना सांगतो. एकदा बकेटमध्ये. पण दुसरी वेळ, जी काठावर बसून अनुभवली, ती पहिलीच्या कित्येक पट मोठी होती. खाली असताना मला काही करायचं नव्हतं. नुसतं भ्यायचं होतं. आता दोर माझ्या हातात होता, दोराला माझी बहीण होती, आणि मला ती दिसत नव्हती. हाताला घाम सुटला. दांडा निसटतोय असं वाटून मी दोन्ही हातांनी धरला. इतका घट्ट की बकेट मधेच थांबली.

“सावकाश सोडा,” मिस्त्री हळूच म्हणाले. “धरू नका, नुसतं सोबत जावा.”

मी सोडलं. दोर पुढं सरकत राहिला, सरकत राहिला, आणि एकदाचा सैल पडला. इंजिनाचा आवाज हलका झाला. तरी मी दांडा सोडला नाही. खालून काहीच ऐकू येईना. बोटं पांढरी पडली होती.

मग साठ फुटांखालून तिचा आवाज आला, नेहमीसारखा, जरा चिडका.

“पोचले रे, मल्लू! श्वास घे आता!”